तक्रार विभागाचा माणूस

३ मार्च, सोमवार

आज मालकांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. आमच्या कचेरीत खोल्या दोनच. दार लावलं तरी पलीकडून ऐकायला मिस्त्रीशिवाय कुणी नसतं, आणि तोही बहुतेक वेळ कुठल्यातरी लिफ्टच्या डोक्यावर बसलेला असतो. पण महत्त्वाचं बोलताना दार लावायचं, ही मालकांची सवय आहे.

"अहो, आपल्या कंपनीत विभाग किती?" त्यांनी विचारलं.

"विभाग? तुम्ही, मी आणि मिस्त्री."

मालकांनी कपाळाला हात लावला. नव्या व्यापारी संकुलात अकरा लिफ्ट बसताहेत आणि त्यांच्या देखभालीचं कंत्राट निघालं आहे. अर्जात एक रकाना आहे, 'कंपनीचे विभाग'. तिथे मिस्त्री असं लिहून भागण्यासारखं नाही.

"मोठ्या लोकांना मोठी कंपनी लागते," मालक म्हणाले. "उद्यापासून आपले पाच विभाग. प्रत्येकाचा वेगळा ईमेल. तुम्ही बसवा ते. काम झालं की व्यवस्थापक म्हणून तुमच्या नावाची पाटी दारावर."

अठरा वर्षं मी इथे आहे. दारावर आजवर 'ढकला' याशिवाय काही लिहिलेलं नाही. तेव्हा मी लगेच हो म्हणालो. ही नवी वही त्यासाठीच आणली आहे. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी.

५ मार्च, बुधवार

दोन दिवस संगणकात डोकं घालून बसलो होतो. ईमेलच्या सेटिंगमध्ये 'ओळखी' नावाचं एक पान असतं. खातं एकच, माझं. पण पत्र पाठवताना वर कुणाचं नाव आणि कुठला पत्ता दिसावा, हे आपण ठरवायचं. आज दुपारपर्यंत पाच विभाग जन्माला आले : तक्रार निवारण, तांत्रिक, दर्जा, नियोजन आणि ग्राहक-स्नेह. पाचवा मालकांना सुचला. स्नेह नसला तर कंपनी लहान दिसते म्हणे.

पहिलं पत्र तांत्रिक विभागाकडून मालकांना पाठवलं ते थेट त्यांच्या कचऱ्याच्या खात्यात जाऊन पडलं. पाठवणारा सांगतो मी अमुक आणि आतला पत्ता सांगतो तमुक, म्हणून पलीकडच्या यंत्राला संशय आला. आमची वेबसाइट करणाऱ्या माणसाला फोन केला, त्याने कुठेतरी पाचही पत्ते जोडून घेतले आणि संशय मिटला. ज्या विभागाला पत्र येईल त्याच विभागाच्या नावाने उत्तर जावं, अशी खूणही करून ठेवली आहे.

मग एक ठरीव मजकूर तयार केला. "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. ती योग्य विभागाकडे पाठवण्यात आली आहे. कृपया पुन्हा पुन्हा लिहू नये." मालकांना फार आवडला. मलाही आवडला. तीन वाक्यांत माया आहे, वचन आहे आणि दटावणीही आहे.

६ मार्च, गुरुवार

छोटासा गोंधळ. बायकोला कचेरीतून मेल केला, की येताना ट्यूबलाइट आण आणि काल जेवताना आवाज चढला तो मनावर घेऊ नकोस. पाठवताना ओळख बदलायची राहिली. तिला तो मेल तक्रार निवारण विभागाकडून गेला आणि खाली आपोआप येणारी ओळही गेली, 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत.'

तिचं उत्तर आलं : "अहो, बावीस वर्षांत पहिल्यांदा दिलगिरी मिळाली, तीही विभागाकडून. छापून कपाटाला लावतेय."

खरोखरच लावली आहे.

९ मार्च, रविवार

आत्याकडे गेलो होतो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्यानंतर आत्यानेच मला वाढवलं. लग्न केलं नाही, टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रांची वर्गवारी केली आणि आता पाचव्या मजल्यावर एकटी राहते. मला अजून ठोंब्या म्हणते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. अठरा तारखेला शस्त्रक्रिया.

तिच्या संगणकावरची अक्षरं मोठी करून दिली. मग राहवलं नाही म्हणून पाच विभागांची करामतही दाखवली. तिने दोनदा करून घेतली.

"म्हणजे एकटा माणूस चारचौघांच्या नावाने लिहू शकतो म्हण की."

"हवं तर चाळीस जणांच्या."

"आणि शिक्का?" ती म्हणाली. "पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहितं रे. आम्ही शिक्का बघायचो. पत्र कुठल्या पेटीत पडलं ते शिक्का सांगतो."

मी तिला 'मूळ मजकूर पाहा' उघडून दाखवलं. तिथे खालच्या बारीक अक्षरांत खरं खातं दिसतं. "पण तिथपर्यंत जातो कोण, आत्या? लोक पुढचं नाव वाचतात आणि खूश होतात."

"हो, तेही खरंच," ती म्हणाली. निघताना लिफ्ट जरा कुरकुरली. आमचीच कंपनी बघते ती. मिस्त्रीला सांगायला हवं.

११ मार्च, मंगळवार

लिफ्ट क्रमांक ४१ बंद पडली. आत्याच्याच इमारतीतली. मिस्त्री बघून आला.

"ब्रेकची कॉइल जळलीय, साहेब. ब्रेक सुटतच नाही. नवी कॉइल आपल्या कपाटात आहे, ही काय तुमच्या खुर्चीमागे. जातो आणि अर्ध्या तासात बसवून येतो."

मी त्याला थांबवलं. आजपासून पद्धत बदलली आहे. तक्रार लेखी यावी, तक्रार विभागाने ती तांत्रिककडे द्यावी, तांत्रिकने अभिप्राय द्यावा, दर्जाने तो तपासावा, नियोजनाने तारीख द्यावी. मग मिस्त्रीने निघावं.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. "एवढे सगळे बसतात कुठं?" त्याने विचारलं. अडाणी माणूस, पण हात चांगला आहे.

संध्याकाळी मालकांनी पुन्हा दार लावलं. संकुलवाल्यांना नमुन्यादाखल एका तक्रारीची पूर्ण फाइल बघायची आहे. "ही एक्केचाळीसचीच द्या," मालक म्हणाले. "फक्त जरा जाड होऊ दे. घाई करून बारीक करू नका."

१३ मार्च, गुरुवार

आत्याचा फोन. "ठोंब्या, तुमची लिफ्ट बंद आहे रे."

मी तिला समजावलं की घरचं माणूस म्हणून मी मागल्या दाराने कामं करत नाही. अठरा वर्षांत केलेलं नाही. इमारतीकडून लेखी येऊ दे, रांगेने होईल.

"आमचा सेक्रेटरी मुलाकडे गेलाय दोन महिने."

"मग कारभार कोण बघतं?"

ती जरा खाकरली. "समित्या आहेत ना," म्हणाली. "येईल हो लेखी."

तिला वाईट वाटलं असेल, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. रविवारी जाणार होतो, पण पाच मजले चढायचे म्हणजे मला दम लागतो. लिफ्ट सुरू झाली की जाईन.

१४ मार्च, शुक्रवार

मानलं पाहिजे, आत्याच्या इमारतीत संघटना जबरदस्त आहे! सकाळी 'इमारत व्यवस्थापन समिती'चं पत्र आलं. दुपारी 'ज्येष्ठ नागरिक कक्षा'चं. चार वाजता 'कायदेविषयक उपसमिती'चं, आणि ते वाचून मला घाम फुटला. दहा घरांच्या इमारतीत एवढी जागरूक माणसं!

मीही मागे हटलो नाही. समितीला तक्रार विभागाने, कक्षाला ग्राहक-स्नेहने आणि उपसमितीला दर्जा विभागाने उत्तर दिलं. दर्जा विभागाचा सूर मुद्दाम कोरडा ठेवला आहे. एका दिवसात फाइलीत सहा कागद झाले.

आत्याला फोन करून तिच्या समित्यांचं कौतुक केलं. "हो," ती म्हणाली, "फार कामसू आहेत. दिवसभर दुसरं काही करतच नाहीत."

१६ मार्च, रविवार

ज्येष्ठ नागरिक कक्षाचे प्रमुख कोण आहेत ठाऊक नाही, पण कुणी रसिक गृहस्थ असावेत. लिफ्टबद्दल दोन ओळी आणि मग इतर गोष्टी. पाचव्या मजल्यावरून शाळा सुटलेली दिसते, पण हल्ली मुलं ओळखू येत नाहीत, नुसते रंग दिसतात, असं काहीबाही. कचेरी बंद असूनही मी घरून उत्तर दिलं, तक्रार विभागाच्या नावाने. लिहिता लिहिता स्वतःबद्दलही लिहून गेलो. मलाही एक आत्या आहे, तिनेच मला वाढवलं, तिच्याकडे जायचं राहून जातं, लिफ्ट बंद आहे. ओळखीच्या माणसाला असलं लिहिता येत नाही. विभागाच्या नावाने मात्र सहज येतं.

अर्ध्या तासात उत्तर आलं : "आत्यांना सवय असते. आपण कामात राहावे."

किती समजूतदार! यांना रोज दोन ओळी लिहायला हव्यात.

१८ मार्च, मंगळवार

आज आत्याची शस्त्रक्रिया होती. झाली नाही. बायको सकाळीच गेली होती. आत्याला एका हाताने कठडा आणि एका हाताने हिचा खांदा धरवून तिने एक मजला उतरवलं. पुढे गुडघ्याने साथ सोडली. शेजारची दोन मुलं खुर्चीत बसवून उतरवतो म्हणाली, तर आत्याने साफ नाही म्हटलं. "मी काय कपाट आहे?" म्हणाली.

डॉक्टरांनी सत्तावीस तारीख दिली. तीही चुकली तर दोन महिने तारीख नाही, आणि त्या डोळ्याला तेवढा धीर नाही म्हणाले.

बायकोने मला हे सगळं पाठमोरी उभी राहून सांगितलं. मी म्हणालो, "प्रकरण नियोजन विभागाकडे गेलं आहे, सत्तावीसच्या आत नक्की होईल."

"नियोजन विभाग म्हणजे तुम्हीच ना हो?"

"तसं बघितलं तर सगळेच विभाग मी आहे. पण तसं बघायचं नसतं."

तिने कपाटावरची दिलगिरी काढून माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली.

२० मार्च, गुरुवार

नवीन संघटना उगवली आहे, 'जिना वापरकर्ता मंच'. कळवतात की काल संध्याकाळी एक ज्येष्ठ महिला एकट्याच उतरून बघायला गेल्या आणि चौथ्या मजल्याच्या वळणावर दोन पायऱ्या घसरल्या. दिवा गेलेला होता आणि त्यांना एका डोळ्याने दिसत नाही.

दर्जा विभागाने उत्तर दिलं : "जिना व त्यावरील दिवे आमच्या देखभालीच्या कक्षेत येत नाहीत. सबब सदर घटनेची नोंद घेता येत नाही." मालकांनी वाचून पाठ थोपटली. मोठ्या कंपन्या असंच लिहितात म्हणाले.

मंचाचं यावर उत्तर आलं नाही.

हल्ली वयस्क बायकांचे हाल फार होतात. आत्याचाही पाय मुरगळला आहे. पलंगावरून उतरताना म्हणे. फोनवर सांगितलं, जप म्हणून.

२१ मार्च, शुक्रवार

फाइल एकवीस कागदांची झाली. दर्जा विभागाने तांत्रिकचा अभिप्राय परत पाठवला, कारण त्यात कॉइल जळण्याचं कारण दिलेलं नव्हतं. तांत्रिक विभागाने नियोजनाला कळवलं की दर्जा विभाग विनाकारण अडवणूक करतो. दुपारी जेवून आल्यावर ते पत्र वाचलं आणि खरं सांगतो, मला राग आला. अडवणूक कसली? सकाळी काय विचार करून लिहिलं होतं, ते आठवेना. तरी कडक उत्तर दिलं.

मिस्त्री दारात उभा होता. "साहेब, कॉइल तुमच्या खुर्चीच्या मागं आहे," तो म्हणाला. तो रोज येतो, तेवढंच म्हणतो आणि जातो.

हे इथे स्वतःपुरतं लिहून ठेवतो. आज पाच वाजता मी खुर्ची मागे सरकवून कपाट उघडलं. कॉइल होती. हातात घेतली, पुसली आणि परत ठेवली. संकुलवाले सोमवारी किंवा मंगळवारी फाइल मागवणार आहेत. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. सत्तावीसला अजून अवकाश आहे.

२४ मार्च, सोमवार

सर्व समित्यांच्या वतीने एकत्र पत्र. "उद्या दुपारी चार वाजता संयुक्त बैठक आहे. आपल्या पाचही विभागांच्या प्रमुखांनी उपस्थित राहावे. बैठकीनंतर आपल्या कंपनीला प्रशस्तिपत्र द्यावे की कसे, हे ठरेल. स्थळ : पाचवा मजला."

प्रशस्तिपत्र म्हटल्यावर मालकांचे डोळे चमकले. "जा तुम्ही. पाचही जण म्हणून जा."

"पाच जण कसे दिसणार?"

"बाकीचे वाटेत आहेत म्हणा. नाहीतर जिन्यात."

पाचव्या मजल्यावर दोन घरं आहेत, एक आत्याचं आणि एक बंद. बैठक त्या बंद घरात असेल. येताना आत्याकडेही डोकावीन, एका दगडात दोन पक्षी.

२५ मार्च, मंगळवार

सगळं नीट लिहितो.

पावणेचारला जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर दम लागला. तिसऱ्यावर बसलो. चौथ्याच्या वळणावर दिवा नाही. मी भिंत चाचपडत चढत होतो तेव्हा पायाला काहीतरी लागलं, उचललं तर सपाट चप्पल. डाव्या पायाची, अंगठ्याला निळा पट्टा. बायकोने ती गेल्या वर्षी आत्यासाठी आणली होती. चप्पल हातात धरून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. उरलेल्या पायऱ्या कशा चढलो, आठवत नाही.

बंद घराला कुलूप होतं. आत्याचं दार उघडं होतं. आत टेबलाभोवती पाच खुर्च्या मांडलेल्या. तीन तिच्या आणि दोन शेजाऱ्यांकडून आणलेल्या. प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याचा पेला आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नाव : तक्रार निवारण, तांत्रिक, दर्जा, नियोजन, ग्राहक-स्नेह. समोर आत्या, घोट्याला पट्टी बांधलेली.

"ये," ती म्हणाली. "बाकीचे कुठायत?"

मी मागे वळून जिन्याकडे बघितलं.

"जिन्यात असतील. बसा सगळे. पाणी प्या, दमला असाल."

मी तक्रार निवारणच्या खुर्चीत बसलो. त्या पेल्यातलं पाणी प्यालो आणि मग दर्जाच्याही पेल्यातलं.

"आत्या, समित्या..."

"मी."

"उपसमिती?"

"मीच. शेजारच्या वकिलाची जुनी नोटीस पडली होती, तिच्यातून चार शब्द घेतले."

"आणि मी आहे हे तुला..."

"पहिल्याच पत्राला शिक्का बघितला रे. तूच दाखवलास ना? साऱ्या विभागांची पत्रं एकाच पेटीत पडलेली." ती हसत नव्हती, रागावलीही नव्हती. "म्हटलं, बघू तरी किती जण आहेत आत. त्यातला एकतरी उठून येईल."

मी चप्पल टेबलावर ठेवली. मला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाने, पाच विभागांच्या प्रमुखाने, दोन्ही हातांत तोंड लपवून रडावं हे काही बरं नव्हे, पण रडलो.

"चप्पल टेबलावर ठेवू नये," आत्या म्हणाली. "फोन कर त्या मिस्त्रीला."

मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "तांत्रिक विभागाचं पत्र लागेल ना, साहेब?"

"मीच तांत्रिक विभाग आहे."

"ते मला दोन आठवडे ठाऊक आहे. निघालो."

कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती, म्हणून त्याने कुलूप फोडलं. पाच वाजून वीस मिनिटांनी तो लिफ्टच्या खोलीत चढला आणि सहाला पाच कमी असताना लिफ्ट पाचव्या मजल्यावर येऊन उभी राहिली. पस्तीस मिनिटं. चौथ्या मजल्यावरचा दिवाही त्याने जाता जाता बदलला. तो आमच्या कक्षेत येत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

२६ मार्च, बुधवार

मालक भडकले. फाइल एकतीस कागदांवर बंद झाली, आणखी दहा सहज झाले असते म्हणाले. कुलपाचंही बोलले. मी ऐकून घेतलं. उद्याची रजा मागितली नाही, येणार नाही एवढंच सांगितलं.

२७ मार्च, गुरुवार

झाली. बावीस मिनिटं लागली. मी बाहेर बाकावर बसून होतो. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत, आणखी थांबला असतात तर काही सांगता आलं नसतं. मी मान हलवली. बायकोने थेंबांची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

३० मार्च, रविवार

डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात. सकाळचे आणि संध्याकाळचे मी घालतो. लिफ्ट चालू आहे, तरी जाताना जिन्याने जातो. दम लागतो, लागू दे.

आत्याला अजून पडद्यावर वाचायची मनाई आहे. आज म्हणाली, "ती पत्रं वाचून दाखव."

"कुठली?"

"विभागांची. सगळी, पहिल्यापासून."

वाचली. स्वतःची वाक्यं तिच्यासमोर मोठ्याने वाचायची म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळेल. तांत्रिक आणि दर्जाच्या भांडणाला ती पोट धरून हसली. त्याच्या आधी 'जिना व त्यावरील दिवे' आलं तेव्हा मी थांबलो. "वाच," ती म्हणाली. मी वाचलं. सबब सदर घटनेची नोंद घेता येत नाही. ती हसली नाही. पायावरचं पांघरूण तिने नीट केलं.

मग मी मुद्दाम शेवटी ठेवलेलं रविवारचं पत्र आलं, मलाही एक आत्या आहे, ते. ते मी भराभर वाचून टाकलं.

"तक्रार विभागाचा माणूस चांगला होता," आत्या म्हणाली. "रोज लिहायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. जेवलात का, झोप लागते का, विचारायचा. तू आठवड्याला दोन मिनिटं फोन करायचास, तेही लिफ्टबद्दल. त्याच्याकडून शिक काहीतरी."

"आत्या, तो मीच होतो."

"ठाऊक आहे. म्हणून तर सांगतेय."

२ एप्रिल, बुधवार

संकुलवाल्यांना फाइल पसंत पडली! एकतीस पत्रं, पाच विभाग आणि शेवटी पस्तीस मिनिटांत दुरुस्ती, हे त्यांना फार भावलं. आज त्यांच्या खरेदी विभागाचं, कायदा विभागाचं, सुरक्षा विभागाचं आणि जनसंपर्क विभागाचं, अशी चार अभिनंदनाची पत्रं आली. मालकांचं तोंड पेढा खाल्ल्यासारखं झालं.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी 'मूळ मजकूर पाहा' उघडलं. चारही पत्रांचा शिक्का एकच.

मालकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखेच आहेत. जमेल."

उद्या पाटी येणार आहे. आणखी दोन विभाग काढायचे आहेत. मी म्हणालो, तुम्हीच बसवा, मी शिकवतो. पाटीवर कुणाचं नाव घालायचं ते आता मालक ठरवताहेत. मिस्त्रीचं घाला म्हणून सुचवलं आहे. ते ऐकून तो फोडलेल्या कपाटापाशी उभा राहून बराच वेळ हसत होता.

५ एप्रिल, शनिवार

आत्याला पडद्यावर वाचायची मुभा मिळाली. थेंब ती आता स्वतःच घालते, त्यामुळे दोन दिवस माझं जाणं झालं नाही. म्हणजे मीच गेलो नाही. कचेरीत काम होतं, असं लिहिणार होतो, पण नव्हतं.

सकाळी ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन पाचही ओळखी पुसल्या. खाली एक सहावी निघाली, मुळातली. नावाचा रकाना कोरा. महिनाभर तिच्या पाठीवर पाच जण बसले होते आणि तिला कुणी नावही दिलं नव्हतं. तिथे स्वतःचं नाव घातलं. मग आत्याला पत्र लिहिलं. जेवलीस का, शाळेतली मुलं ओळखू येतात का, मला तुझी आठवण येते. तिसरं वाक्य दोनदा पुसलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. पाठवलं.

पाच मिनिटांत ज्येष्ठ नागरिक कक्षाकडून उत्तर आलं.

"आपली आठवण आमच्यासाठी महत्त्वाची आहे. ती योग्य विभागाकडे पाठवण्यात आली आहे. कृपया पुन्हा पुन्हा लिहू नये."

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "मग? बसलात कशाला?"

खरं आहे. लिहू नये असं लेखी आलं आहे. म्हणजे आता जायलाच हवं.